उतार गेला कुठं? साताऱ्यातल्या एका हौशी सायकल-फिल्मचं प्रकरण

यवतेश्वराच्या डोंगरावरून सातारा शहराकडे उतरणाऱ्या एका पायवाटेवर पाच मित्रांनी माउंटन बाइकची फिल्म केली. पहिली आवृत्ती अकरा मिनिटांची झाली. घरच्यांना आणि गल्लीतल्यांना दाखवली, तेव्हा एक काका म्हणाले, “आरं, सपाटीला एवढा ब्रेक कशापायी दाबतोय त्यो?” ज्या जागेबद्दल ते विचारत होते तिथला उतार 25 टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे चार मीटर पुढं सरकलं की एक मीटर खाली. पायी उतरतानासुद्धा तिथं कारवीचा दांडका धरावा लागतो. पडद्यावर मात्र ती शेताच्या बांधावरची वाट दिसत होती.

ती फिल्म पुढं चार मिनिटं वीस सेकंदांवर आली आणि हरवलेला उतार पडद्यावर परत आला. ते कसं जमलं, हा या प्रकरणाचा विषय. गटातल्या कुणाचं नाव इथं घेतलेलं नाही. वाटेची नेमकी जागाही दिलेली नाही, कारण ती गुराख्यांची आणि मोळीवाल्यांची रोजची वाट आहे.

दोस्तांनी दोस्तांना उतारावर चित्रित करायचं, हा प्रकार मूळचा बर्फातला. हिवाळाभर स्की करताना एकमेकांचं चित्रण करायचं, उन्हाळ्यात ते जोडायचं आणि पुढचा बर्फ पडायच्या आधी गावातल्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवायचं, अशी तिकडची पद्धत. सह्याद्रीत बर्फ नाही, पण उतार आहे, मित्र आहेत आणि मोसमही ठरलेला आहे. अडचणीही निम्म्या त्याच. जिथं वेगळ्या पडतात तिथं स्कीच्या फिल्मा बघून शिकलेली युक्ती अंगाशी येते. या गटाच्याही आली.

वाट, माणसं, सामान

वाट सुमारे दोन किलोमीटरची, उतरण सुमारे 240 मीटर, म्हणजे सरासरी 12 टक्के. वरच्या टप्प्यात जांभा, मध्ये काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि कारवी, खाली मुरूम आणि गवत. तीन जण सायकलवर: दोघं पुढं चालवणारे, तिसरा पाठोपाठ कॅमेरा घेऊन. चौथा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, कॅमेरा लावून उभा. पाचवा गाडी चालवणारा. घाटरस्त्यानं सायकली वर पोचवायच्या आणि खाली वाट जिथं रस्त्याला मिळते तिथं थांबायचं, हे त्याचं काम. बघायला गेलं तर पाचवा माणूसच सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर प्रत्येक टेकसाठी सायकल ढकलत वर न्यावी लागते आणि दोन टेकमध्ये पाय संपतात.

सायकली पुढं 120 मिलिमीटर सस्पेन्शनच्या, मागं काही नाही, 29 इंची चाकं, ट्यूबलेस. 70 किलोच्या स्वाराला हवा पुढं 22 ते 24 पीएसआय, मागं 25 ते 27. यापेक्षा जास्त भरली की चाक दगडावरून उडतं आणि छातीवरचा कॅमेरा थरथरतो. कमी भरली तर जांभ्याच्या कडेवर रिम आपटते. कॅमेरे म्हणजे दोन अ‍ॅक्शन कॅमेरे, एक मिररलेस आणि त्याच्या दोन साध्या लेन्स (18-55 आणि 55-250), शिवाय एक ड्रोन आणि एक मोबाइल. यात नवं काही घ्यावं लागलं नाही. पहिली फिल्म आणि शेवटची फिल्म याच सामानावर झाली, हे मुद्दाम सांगायला हवं. कारण फिल्म फसली की पहिला विचार नव्या कॅमेऱ्याचा येतो.

पहिली आवृत्ती कशी होती

जुलै-ऑगस्टमध्ये सवडीनुसार कधीही जाऊन चित्रण झालं. अकरा मिनिटांत एक्केचाळीस शॉट, म्हणजे सरासरी सोळा सेकंदांचा एक. त्यातले बहुतेक हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचे. सोळा सेकंद हेल्मेटवरून एकच वाट बघणं हे फक्त ज्यानं ती चालवली त्यालाच गोड लागतं. धुकं राखाडी आणि मळकट. आवाज म्हणजे वारा आणि त्यावर इंटरनेटवरून उचललेलं गाणं, ज्यावर व्हिडिओ चढवल्याबरोबर हक्काचा दावा आला. आणि उतार नाहीच.

उतार कुठं जातो

कॅमेऱ्याला उतार कळत नाही. माणसाला कळतो तो डोळ्यांनी अर्धा आणि कानातल्या तोलानं, घोट्यानं, पोटरीनं अर्धा. चित्रात राहतात फक्त रेषा. त्या रेषांमध्ये आडवं काय आणि उभं काय हे ठरवायला खूण नसेल, तर डोळा वाटेलाच सपाट धरून चालतो.

सगळ्यात जास्त सपाट दाखवतो तो हेल्मेटवरचा कॅमेरा. एक तर त्याची लेन्स इतकी रुंद की समोरची दरी लांब ढकलली जाते. दुसरं, स्वार उतारावर मान वर करून दहा-पंधरा मीटर पुढं बघतो, म्हणजे कॅमेराही उताराला समांतरच बघतो. वरून खाली बघणाऱ्या ड्रोनचं तर विचारायलाच नको. सरळ खाली तोंड केलेल्या ड्रोनमधून यवतेश्वरही पोलो ग्राउंडसारखा दिसेल. गटाला ड्रोनचे शॉट फार आवडले होते आणि पहिल्या आवृत्तीत ते भरपूर होते. उतार मारणाऱ्यांत ते दुसऱ्या क्रमांकावर होते.

तिसरं कारण बारीक आहे आणि ते सहज सापडत नाही. ट्रायपॉड लावणारा माणूस स्वतः उतारावर उभा असतो. बाजूनं शॉट घेताना तो नकळत कॅमेरा जमिनीच्या रेषेला समांतर करतो, कारण पडद्यावर वाट तिरकी दिसली की त्याला चूक वाटते. म्हणजे जो एकमेव कोन खरा उतार दाखवू शकतो, तोही हातानं सपाट केला जातो. गटाच्या फुटेजमध्ये हे ओळखता आलं ते झाडांवरून. चित्रात वाट सपाट होती आणि कारवी, शेवऱ्या, सगळी झाडं एकाच बाजूला दहा-बारा अंशांनी कललेली होती. झाडं सरळ वाढतात. कललेला कॅमेरा होता.

उपाय एका वळणावर सविस्तर बघू, कारण बाकी सगळीकडे तोच वापरला. दगडी पायऱ्यांच्या खालचं वळण. आधी कॅमेरा वळणाच्या खाली, वाटेतच, डोळ्याच्या उंचीवर होता आणि स्वार अंगावर येत होते. तो उचलून वाटेच्या उत्तर अंगाला सुमारे पंधरा मीटर बाजूला नेला. उताराच्या रेषेशी काटकोन. उंची गुडघ्याएवढी. लेन्स 70 मिलिमीटरच्या आसपास. ट्रायपॉडचा वरचा पाय आखूड, खालचे दोन लांब, आणि पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही. आता कॅमेरा दक्षिणेकडे बघत होता, त्यामुळं चौकटीत मागं अजिंक्यताऱ्याचा माथा आला. तो माथा बऱ्यापैकी आडवा आहे. मागं ती आडवी रेष, मध्ये सरळ उभी कारवी आणि पुढं डावीकडे खाली घसरणारी वाट. उतार लगेच दिसला. कॅमेरा मुद्दाम वाकडा करून उतार वाढवायची गरज पडली नाही. तसं केलं की झाडं चुगली करतातच.

याच टप्प्यावर आणखी एक शॉट घेतला, तीन सेकंदांचा: स्वार सायकल खांद्यावर घेऊन त्याच पायऱ्या चढतोय, एक हात दगडावर. हा शॉट उतरण्याच्या शॉटच्या आधी लावला. चढताना माणूस वाकतो, थांबतो, पाय शोधतो. ते प्रत्येकाला आपल्या अंगावरून ठाऊक आहे. त्यानंतर तीच जागा सायकलवरून उतरताना दिसली की बघणारा खुर्चीत मागं सरकतो. स्कीच्या फिल्मांमध्येही स्की पाठीला बांधून धारेवर चढणारी माणसं सुरुवातीला दाखवतात, ती उगाच नाही.

खालून वर बघणारे शॉट पूर्ण टाकायचे नाहीत. 200-250 मिलिमीटरला लांबून, खालून घेतले की वाटेची वळणं एकावर एक रचल्यासारखी दिसतात आणि डोंगर उभा वाटतो. पण असे एक-दोनच पुरे, आणि धुकं नसताना.

पाठोपाठचा कॅमेरा

स्कीवर पाठोपाठ चित्रण करणारा काठ्या बाजूला ठेवतो आणि दोन्ही हात कॅमेऱ्याला देतो. थांबणं, वळणं सगळं पायांत. गटानं तेच सायकलवर करून बघितलं: एका हातात गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा दांडा, एका हातात हँडल. सायकलचे ब्रेक हातात असतात. एका हातात गिंबल म्हणजे त्या हाताचा ब्रेक गेला. कुठला ब्रेक कुठल्या हाताला आहे ते ज्याच्या त्याच्या सायकलीवर बघावं लागतं. कुठलाही एक गेला तरी ओल्या मुरुमावर उरलेला पुरत नाही. पुढचा एकटाच दाबला तर चाक घसरतं, मागचा एकटा दाबला तर सायकल थांबतच नाही. कॅमेरा धरलेला तिसरा स्वार कारवीत गेला, खरचटण्यावर निभावलं. त्यानंतर कॅमेरा छातीवरच्या पट्ट्यात गेला आणि तिथंच राहिला.

छातीवरून हँडल, हात आणि पुढच्या चाकाचा उडणारा चिखल चौकटीत येतो. जवळच्या गोष्टी झपाट्यानं सरकतात म्हणून वेग दिसतो. कॅमेरा पट्ट्यात जरा वर तोंड करून बसवायचा, कारण सायकलवर छाती पुढं झुकते. उभ्यानं बरोबर वाटणारा कोन सायकलवर फक्त हँडल आणि टायर दाखवतो. बसवून, सायकलवर चढून, उतरायच्या पवित्र्यात येऊन मग स्क्रीन बघायची.

अंतर तीन ते चार मीटर. इतक्या रुंद लेन्समध्ये पुढचा स्वार दहा मीटरवर गेला की मुंगी होतो. आणि इथं गटाची मूळ मांडणीच उलटी होती. सगळ्यात कच्चा चालवणारा मागं कॅमेरा घेऊन होता, “तू नुसता मागनं ये” म्हणून. प्रत्येक टेकमध्ये तो पंधरा मीटर मागं पडायचा. मागं राहून अंतर सांभाळणं पुढं चालवण्यापेक्षा अवघड, म्हणून सगळ्यात सराईत स्वार मागं हवा. अदलाबदल झाली. पुढच्यानं आपला जास्तीत जास्त वेग लावायचा नाही, ऐंशी टक्क्यांत राहायचं आणि ठरलेल्या जागांशिवाय अचानक थांबायचं नाही, हे दोघांत आधी बोलून ठेवलं. चित्रात ऐंशी टक्के वेग पूर्ण वेगापेक्षा चांगला दिसतो, कारण स्वाराचं अंग मोकळं असतं.

सेटिंग

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा, म्हणजे हालचाल सिनेमासारखी सरकते, हा सल्ला सगळीकडे मिळतो. उन्हात, मोकळ्या रस्त्यावर तो बरोबर आहे. खडबडीत वाटेवर नाही. कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण प्रत्येक फ्रेम हलवून धक्का पुसतं, पण त्या फ्रेमच्या आत बसलेला अस्पष्टपणा त्याला पुसता येत नाही. मग चित्र जागच्या जागी थरारतं. कारवीच्या सावलीत फिल्टर न लावताही हे व्हायचं, कारण उजेड कमी पडला की कॅमेरा स्वतःच शटर खाली आणतो. गटानं फिल्टर काढले आणि शटर 1/240 सेकंदाच्या खाली जाऊ दिलं नाही. आयएसओची, म्हणजे उजेड टिपण्याच्या संवेदनेची, कमाल मर्यादा 800 केली. थोडी रवाळ फ्रेम चालते, थरारणारी चालत नाही. व्हाइट बॅलन्स 5500 केल्विनवर बांधला, नाहीतर झाडीतून उघड्यावर आलं की एकाच टेकमध्ये लाल माती जांभळी होते.

दुसरा घोळ फ्रेमच्या संख्येचा. अ‍ॅक्शन कॅमेरे सेकंदाला 60 फ्रेमवर, मिररलेस 25 वर आणि मोबाइल नावाला 30 वर. मोबाइल प्रत्यक्षात उजेडाप्रमाणं संख्या खालीवर करतो, त्यामुळं लांब टेकमध्ये आवाज आणि चित्र हळूहळू सुटं होतं. 25 चं फुटेज 30 च्या टाइमलाइनवर टाकलं की दर सेकंदाला पाच फ्रेम दुहेरी दाखवाव्या लागतात आणि बाजूनं जाणारी सायकल अडखळते. दुसऱ्या वेळी सगळं 60 वर घेतलं, टाइमलाइन 30 ची. त्यामुळं हवं तिथं निम्म्या वेगाचा स्लो मोशनही फुकट मिळाला. मोबाइल फक्त पडद्यामागच्या गमतीजमतीला.

4के 60 ला सेकंदाला 100 मेगाबिटनं तासाला 45 जीबी लागतात. 64 जीबीच्या कार्डात जेमतेम 85 मिनिटं. कार्डावर व्ही30 ही वेगाची खूण असावी, आणि नवं कार्ड डोंगरावर नेण्याआधी घरी पूर्ण भरून, परत वाचून बघावं. नकली कार्ड अर्ध्यावर पोचल्यावरच आपला रंग दाखवतं.

पाऊस, धुकं, चिखल

धुक्यात चित्र राखाडी येतं, याचं कारण बर्फातलंच आहे. कॅमेऱ्याचा मीटर सगळी चौकट मध्यम करड्याकडे ओढतो. पांढरं भरपूर असेल तर तेही करडं होतं. स्कीवाले बर्फावर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर चढवतात. यवतेश्वराच्या धुक्यात पाऊण स्टॉपनं काम झालं. पण नुसत्या एक्स्पोजरनं भागत नाही. धुक्यात दहा मीटरपलीकडचं सगळं हरवतं, म्हणून त्या दिवशी लांब लेन्स पिशवीतच ठेवायची आणि जवळचं घ्यायचं: चाक, हात, पानांवरून निथळणारं पाणी, धुक्यातून अचानक बाहेर येणारा स्वार.

लेन्सच्या आतून येणारी वाफ ही दुसरी कटकट. गाडीत एसी लावून कॅमेरा गार केला आणि ओल्या हवेत बाहेर काढला की काच धुरकटते, आणि सील केलेल्या कॅमेऱ्याच्या आतली वाफ लवकर जात नाही. गाडी चालवणाऱ्याला सांगून एसी बंद ठेवणं हा एवढाच उपाय. बॅटरीचं झाकण पावसात, डोंगरावर उघडायचं नाही. उघडलं की आत शिरलेली ओल पुढच्या उतरणीत काचेवर बसते. काच पुसायला बाजारातल्या चकचकीत फडक्यापेक्षा जुन्या धुतलेल्या सुती कपड्याचे तुकडे बरे. एक ओला झाला की दुसरा घ्यायचा, खिशात पाच-सहा हवेत.

चिखलाचा खरा मार ब्रेकवर बसतो. जांभ्याची बारीक रेती ओली झाली की पॉलिश पेपरसारखी चालते आणि रेझिनचे ब्रेक पॅड झपाट्यानं संपतात. सिंटर्ड, म्हणजे धातूचे पॅड जास्त टिकतात. पण घालण्याआधी डिस्क बघायची. काही स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन पॅडच वापरा असं कोरलेलं असतं आणि त्यावर धातूचे पॅड लावले तर डिस्कच खाल्ली जाते. नवे पॅड घातल्यावर कोरड्या रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेगातून दाबून ते बसवून घ्यायचे. चाक पूर्ण अडू द्यायचं नाही. हे न करता डोंगरावर गेलं की ब्रेक लागत नाही आणि वर किंचाळतो. किंचाळणारा ब्रेक म्हणजे वाया गेलेला आवाजाचा टेक.

ओल्या वाटेवर चाक अडवून घसरण्याचा शॉट पडद्यावर छान दिसतो. गटानं तो वगळला आणि ते योग्य झालं. घसरलेल्या चाकाची चरी पुढच्या पावसात ओघळ होते आणि मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईचा पाय त्यात जातो.

कास

गटातल्या दोघांना कासच्या फुलांतून सायकल जाताना हवी होती. कल्पना वाईटच. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम काही बोटं, त्यावर गेंद, तेरडा, सीतेची आसवं, स्मिथिया, आणि सगळ्यांचं आयुष्य पावसाच्या त्या चार महिन्यांचं. टायर एकदा गेला की थर फाटतो, आणि तो एका मोसमात भरून येत नाही. फुलांच्या दिवसांत प्रवेशाला आधी नोंदणी आणि शुल्क असतं, आणि ते पायी बघण्यासाठी. शेवटी कासच्या डांबरी रस्त्यावरून जाणारा एकच शॉट घेतला. तो पुढं एडिटमध्येही राहिला नाही, कारण तिथं उतारच नाही.

जमिनीबद्दल एकूणच: वाट पायाखालची असली तरी जमीन कुणाची तरी असते. गटनंबर काढून सातबारा बघितला की मालकीची की वनखात्याची ते कळतं. वनजमिनीवर चित्रीकरणाला खात्याची लेखी परवानगी लागते, हौशी म्हटल्यानं सुटका नाही. ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर हिरवा पट्टा असेल तर 400 फुटांपर्यंत उडवता येतं. पण ती परवानगी आकाशाची. खालच्या जमिनीची वेगळी.

दुसऱ्यांदा चित्रण

पाऊस ओसरल्यावर गटानं सायकली घरी ठेवल्या आणि आधी वाट चालून काढली. हा एक बदल बाकी सगळ्या बदलांचा बाप आहे. वाटेचे सात टप्पे पाडले, प्रत्येक टप्प्यात कॅमेऱ्याच्या दोन जागा, आणि तिथं दगडावर खडूनं खूण. बाजूचे सगळे शॉट वाटेच्या उत्तर अंगानंच घ्यायचे ठरलं, म्हणजे स्वार कायम डावीकडे जातो. पहिल्या फिल्ममध्ये तो कधी डावीकडे, कधी उजवीकडे जायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, हा परत का फिरला?

उजेडाचं गणित डोंगराच्या तोंडावर आहे. यवतेश्वर शहराच्या पश्चिमेला, म्हणून शहराकडची उतरण पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळचं तिरपं ऊन दगडाच्या प्रत्येक पायरीखाली सावली पाडतं, आणि सावलीमुळं खडबडीतपणा दिसतो. साडेनऊनंतर ऊन वर चढतं आणि पायऱ्या पुसल्या जातात. दुपारनंतर सगळी बाजू सावलीत. ज्यांना अजिंक्यताऱ्याच्या शहराकडच्या अंगावर असं काही करायचं असेल त्यांनी ध्यानात ठेवावं की ते अंग उत्तरेला आहे. नोव्हेंबर ते जानेवारी सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, तेव्हा तिथं सकाळचं ऊन फार कमी लागतं.

एका टप्प्याला सुमारे एक तास, सकाळी दोनच टप्पे. यापेक्षा जास्त घेतले की शेवटचा टेक थकलेल्या पायांनी होतो, आणि “एकच लास्ट” म्हणून घेतलेल्या टेकमध्येच माणसं पडतात. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, गुडघा-कोपराचे पॅड, हातमोजे. वाट जिथं गावरस्त्याला मिळते तिथं पाचवा शिट्टी घेऊन. एक लांब शिट्टी म्हणजे वाट मोकळी, तीन आखूड म्हणजे कुणीतरी येतंय, थांबा. फोनवर विसंबायचं नाही, खोबणीत रेंज जाते. गुरं आली की ती जाईपर्यंत बसून राहायचं. अपघात झालाच तर 108. त्यासाठी गाडी कुठल्या जागेपर्यंत येऊ शकते हे आधी बघून ठेवलं होतं.

कपड्यांवर एक गोष्ट अडली. पावसाळ्यात हिरव्या गवतावर उठून दिसणारा पिवळा टी-शर्ट ऑक्टोबरच्या शेवटी, गवत पिकल्यावर, गवतातच मिसळला. निळा घेतला. मग पावसातले जुने शॉट याच्याशी जुळेनात, म्हणून ते धुक्याचा वेगळा तुकडा करून सुरुवातीला लावले आणि बाकी सगळं गवत एकाच रंगाचं असताना, पंधरवड्याच्या आत उरकलं.

आवाज आणि हलगी

छातीवरच्या कॅमेऱ्यात वाऱ्याशिवाय काही येत नाही. आवाजासाठी वेगळे टेक घेतले: चित्र नाही, नुसता रेकॉर्डर, वाटेपासून एक मीटरवर, घोट्याच्या उंचीवर, स्पंजावर लांब केसांचं नकली फरचं कापड गुंडाळून. पायऱ्यांवर टायरचा ठोका, मुरुमावरची सरसर, पेडल थांबवल्यावर मागच्या हबची टिकटिक. एडिटमध्ये 100 हर्ट्झच्या खालचं कापलं. हे आवाज चित्राखाली घातल्यावर फिल्म दुप्पट वेगानं चालल्यासारखी वाटली, आणि त्याला खर्च फक्त फरच्या कापडाचा.

गाण्याऐवजी गटातल्या एकाच्या ओळखीचा हलगीवाला आला. चामड्याची हलगी दमट हवेत सैल पडते. शेकून ताणली की सूर चढतो, दहा मिनिटांत परत उतरतो. दोन वेगळ्या टेकमधले तुकडे जोडले की जोड कानाला बोचतो. म्हणून शेकायचं, लगेच पूर्ण चार मिनिटं वाजवायचं, पसंत नसेल तर परत शेकून परत पूर्ण. माइक दोन मीटर लांब, आवाजाचं शिखर -12 डेसिबलच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण हलगीचा पहिला ठोका सरासरीपेक्षा फार उंच असतो. हलगीवाल्याच्या कानात मिनिटाला 120 ची टिकटिक दिली. 30 च्या टाइमलाइनवर एक ठोका म्हणजे बरोबर पंधरा फ्रेम, त्यामुळं कट मोजून मारता आले. 25 च्या टाइमलाइनवर हाच ठोका साडेबारा फ्रेमचा होतो आणि एक कट बारावर, एक तेरावर मारत बसावं लागतं. प्रत्येक ठोक्यावर कट मात्र मारायचा नाही, लग्नाचा व्हिडिओ होतो. चार किंवा आठ ठोक्यांवर एक, आणि दगडी पायऱ्यांवर हलगी पूर्ण थांबवून नुसता टायर.

एडिट आणि हिशेब

जुन्या लॅपटॉपवर 4के अडखळत होतं, म्हणून 720 च्या हलक्या प्रती करून त्यांवर कापलं आणि शेवटी मूळ फुटेज जोडलं. फायलींची नावं टप्पा, जागा, टेक अशी, त्याच दिवशी संध्याकाळी. चार दिवसांनी नावं द्यायला बसलं की सगळी झाडं सारखी दिसतात.

शेवटच्या आवृत्तीत अडुसष्ट शॉट, सरासरी पावणेचार सेकंदांचे. हेल्मेटवरचे त्यात दोनच, ड्रोनचा एक, तोही आडवा, बाजूनं उडवून घेतलेला. पाचवा टप्पा सुधारला नाही. तिथं वाट कारवीच्या दाट रानातून जाते, बाजूला पंधरा मीटर सरकायला जागाच नाही, आणि छातीवरच्या कॅमेऱ्यात तो उतार अजूनही सपाटच दिसतो. कारवी तोडली असती तर शॉट मिळाला असता. तोडली नाही, टप्पा सहा सेकंदांवर आणला.

खर्चात पेट्रोल, दोन जोड ब्रेक पॅड, एक कार्ड, फरचं कापड आणि हलगीवाल्याची बिदागी. पाच जणांत सारखा वाटला, फक्त पॅडचे पैसे ज्याच्या त्याच्या सायकलीवर. मूळ फुटेज दोन वेगळ्या ड्राइव्हवर, दोन वेगळ्या घरी आहे. हलगीचं पूर्ण रेकॉर्डिंगही त्यातच, आणि सोबत हलगीवाल्यानं वापराला दिलेली लेखी संमती.